एका मतानं पडलेला ठराव

न्यायाधीशबाई फार गोड बोलायला लागल्या, तेव्हाच थोरल्यानं आशा सोडली. कोर्टात कुणी इतकं गोड बोलायला लागलं की समजावं, हातात काही पडायचं नाही.

"अर्जदार बाईंचं म्हणणं न्यायालयाला पटतं," बाई म्हणाल्या. आत्या समोर उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. "ज्या शहराच्या गिरणीत यांनी उभा जन्म काढला, त्या शहराच्या नगरसभेला यांना मत नाही. का, तर राहती खोली कंपनीची आहे, स्वतःची नाही. हे काही बरं नव्हे."

धाकटीनं, म्हणजे थोरल्याच्या बहिणीनं आणि आत्याच्या वकिलीणबाईंनी, मान वळवून मागे बघितलं. तिचे डोळे चमकत होते. आणि मग 'पण' आला. मेला हा 'पण' येतोच.

"पण हा नियम नगरसभेनं केला आहे आणि तो बदलायचा अधिकारही तिचाच आहे. वकीलबाई म्हणतात, तो रस्ता आता बंद झाला, म्हणून इथं आलो. नियम बदलायचा गेल्या महिन्यातला तो ठराव किती मतांनी पडला?"

समोरचा वकील याच प्रश्नाची वाट बघत होता. "एका मतानं, बाईसाहेब."

"एका? मग रस्ता बंद कुठं आहे? एक माणूस आडवा आलाय एवढंच. त्याला समजवा आणि ठराव पुन्हा आणा. लोकांनी निवडून दिलेल्या सभेचं काम न्यायालयानं करायचं नसतं."

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावर बसलेला थोरलाही हसला. जनाची नाही तर मनाची तरी! कारण आडवा आलेला तो एक माणूस तोच होता.

नगरसभेची मत मोजायची पद्धत जुनी आणि सोपी. सभापती विचारतात, ठरावाच्या बाजूनं कोण? बाजूचे उभे राहतात. कारकून डोकी मोजतो आणि आकडा लिहितो. नावं कुणी लिहीत नाही. त्या क्षणाला जो दालनात नाही, तो जगात नाही. त्या दिवशी थोरल्यानं आधी ठरावाच्या बाजूनं भाषण केलं, तेही असं की बाकं वाजली. 'माझ्या आत्यानं मला त्या खोल्यांत वाढवलं' असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. मग सभापतींनी मोजणी पुकारली आणि हा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला. व्हरांड्यातल्या नळाशी ओंजळीनं पाणी पीत राहिला. तहान नव्हती. आत टाळ्या ऐकू आल्या तेव्हा त्यानं तोंड पुसलं.

का गेला? तर त्याचा वॉर्ड कालव्यापलीकडचा, घरमालकांचा. चार मातब्बर मंडळी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे येऊन गेली होती. म्हणाली, गिरणीच्या वस्तीतल्या सगळ्यांना मत मिळालं तर आम्हाला कोण विचारणार? भाषण हवं तेवढं करा साहेब, पण उभे राहिलात तर पुढच्या निवडणुकीत आम्हीही तुमच्यामागे उभे राहणार नाही. थोरल्यानं विचार केला, कोर्ट आहेच की. धाकटीला त्यानंच आधीपासून सांगून ठेवलं होतं, अर्ज तयार ठेव, सभेचा काही नेम नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. वस्तीला मत मिळेल, ते कोर्ट देईल, आणि घरमालकांना सांगता येईल, काय करणार बुवा, न्यायाधीशांपुढे कुणाचं चालतं?

आणि न्यायाधीशबाई म्हणत होत्या, सभेकडे जा.

निकालानंतर सगळे आत्याच्या खोलीवर आले. दोनच खोल्या, पण चारी भिंती तिनं घासूनपुसून आरशासारख्या ठेवलेल्या. बाहेरचं दार तेवढं हिरवं, ओळीतल्या सगळ्याच दारांसारखं, कारण रंग कंपनी देते आणि कंपनीला हिरवाच सुचतो. काका, आत्याचे भाऊ, आधीच येऊन बसले होते. कोर्टात यायचं त्यांनी साफ नाकारलं होतं. सबंध आयुष्य त्यांचं कामगार संघटनेत गेलं, आणि काळा कोट दिसला की अजूनही त्यांचं डोकं फिरायचं. आज मात्र त्यांनी सगळ्यांसाठी चहा करून ठेवला होता.

आत्यानं नव्या चपला काढल्या. टाच सोलून निघाली होती.

"अगंबाई!" वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, खाली बसली. "आत्या, एवढं लागलं आणि बोलला नाहीत?"

"कोर्टात काय बोलायचं, चप्पल चावते म्हणून?" आत्या म्हणाली. "त्या बाई किती छान बोलत होत्या. मला वाटलं, देतायत."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. तेच थोरल्याला लागलं. तो खिडकीशी जाऊन गिरणीची मागची भिंत बघत उभा राहिला.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," काकांनी बशीत चहा ओतला. "पण या घरात शहाणे फार झालेत, ऐकतो कोण?"

"काका, आज नको," धाकटी म्हणाली. तिनं अजून कोट काढला नव्हता.

"आज नको तर कधी? अगं, आम्हाला कामाचे तास कमी करून मिळाले, ते कुठल्या न्यायाधीशानं दिले? दारोदार फिरलो. ज्यांनी आधी तोंडावर दार लावलं, त्यांच्याकडे पुन्हा गेलो. वर्षानुवर्षं! पण मिळालं ते असं मिळालं की काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. न्यायाधीशानं दिलेलं उद्या दुसरा न्यायाधीश काढून घेतो."

"तुम्हाला मत होतं म्हणून तुमच्यासाठी दार उघडलं," धाकटी उसळली. "तुम्ही कालव्यापलीकडे स्वतःच्या घरात राहत होतात. आत्या कुणाच्या दारात जाणार? गेल्या पावसाळ्यात गटार तुंबलं तेव्हा गेली होती ना? काय गं आत्या, काय म्हणाला तो सभासद?"

"म्हणाला, तुमचं मत कुठल्या वॉर्डात?" आत्यानं टाचेवर फडकं गुंडाळलं. "कुठल्याच नाही म्हटलं, तर म्हणाला, मग कंपनीला सांगा. कंपनी म्हणते सभेला सांगा. शेवटी आम्हीच बायकांनी मिळून उपसलं."

"बघा! मत मिळायला आधी मत पाहिजे. पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरू नकोस, म्हणण्यातला प्रकार. आणि काका, माणसाचा हक्क डोकी मोजून ठरवायचा असतो का? उद्या सभेनं ठरवलं, काकांनी बोलायचं नाही, तर चालेल?"

"चालेल," वहिनी पटकन म्हणाली, आणि काकासुद्धा हसले.

"तुझं खरं आहे गं पोरी," काका जरा नरमले. "ज्याला मत नाही त्यानं भीक मागावी, हे वाईटच. पण त्या बाई म्हणतात तेही खोटं नाही. सभेला टाळून किती दिवस जाणार? हा आपला लोकप्रतिनिधी काय म्हणतो? अरे, तू का तोंड शिवून बसलायस?"

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. थोरल्यानं घसा साफ केला.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "दोन्ही मार्ग आपापल्या जागी योग्यच आहेत. न्यायालयाची एक मर्यादा असते, सभेची एक असते..."

"हा घरात बोलतोय की सभेत?" काका म्हणाले.

"राहू दे हो, दमलाय तो," धाकटीनं भावाची बाजू घेतली. "जिवाचं रान केलंय त्यानं. आज कोर्टात मी तेच सांगितलं. म्हटलं, माझा सख्खा भाऊ या सभेचा सभासद आहे, तो स्वतः या वस्तीत वाढलाय, त्यानं एकेकाला विनवलं, तरी ठराव पडला. आता अजून कुणी काय करायचं? बाईंनी विचारलं, आलेत का ते? आणि दादा उभा राहिला. काका, तुम्ही असायला हवं होतं."

हो, उभा राहिला होता. तिथं मात्र राहिला! सभेत ज्याचे पाय उभे राहिले नाहीत, तो कोर्टात ताडकन उभा राहिला, आणि न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडे कौतुकानं बघितलं तेव्हा त्यानं विनयानं मान लववली. ते आठवून थोरल्याचे कान तापले. आपलं तोंड आपल्यालाच दिसू नये असं त्याला झालं. वहिनी त्याच्याकडे निरखून बघत होती, म्हणून त्यानं कप उचलला. कप रिकामा होता, तरी त्यानं तोंडाला लावला.

"मग घोडं एकाच माणसापाशी अडलंय," काका म्हणाले. त्यांच्यात आता जुना कार्यकर्ता जागा झाला होता. "बाईंनी काम सोपं करून दिलं म्हणायचं. तो एक कोण, ते शोधायचं. आपल्या बाजूचा म्हणवणाराच असणार. विरोधातले पहिल्यापासून विरोधात आहेत, त्यांच्याकडून दगा कसला? काय रे, तू तिथं होतास. उभा कोण राहिला नाही?"

"आता... त्या गडबडीत कुठं लक्ष असतं, काका."

"वा! एका मतानं पडतो आणि तुझं लक्ष नसतं?"

"तो सभासद दंतवैद्य असेल का?" धाकटी म्हणाली.

"छे, त्याला कणा आहे. मी सांगतो कोण ते. छापखानेवाला!" काकांनी मांडीवर थाप मारली. "ते पोरगंही इथलंच, पलीकडच्या ओळीतलं. आई त्याची तुमच्या आत्याबरोबर गिरणीत सूत गुंडाळायला होती. आता घरमालकांच्या पत्रिका छापतो, त्यांच्या ताटात जेवतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते हेच. परवा रस्त्यात भेटला तर मान खाली घालून गेला."

"त्याच्या मुलाला बरं नाही, म्हणून असेल," थोरला म्हणाला.

"मुलाला बरं नाही म्हणून माणूस ओळख विसरतो का?"

छापखानेवाला सभेत थोरल्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. त्या दिवशी तो उभा राहिला होता. नंतर व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले, तेव्हा त्यानं नुसतं विचारलं होतं, 'पाणी मिळालं का?' आणि निघून गेला होता. त्यानं कुठे वाच्यता केली नव्हती. एका वस्तीतला म्हणून त्यानं अब्रू झाकली होती, आणि आता त्याचीच अब्रू या खोलीत वेशीवर टांगली जात होती.

"जातोच मी," काका उठले आणि बुटात पाय घालू लागले. "छापखान्यात सगळे कामगार असतील आत्ता. त्यांच्यादेखत विचारतो, आईच्या दुधाला जागला नाहीस ते नाहीस, वर तोंड घेऊन फिरतोस कसा?"

"थांबा, मीही येते," धाकटी म्हणाली. "मला त्याचं तोंड बघायचंय. आत्याला आज त्या पिंजऱ्यात उभं केलं आपण. समोरचा वकील तिला विचारतो, बाई, तुम्हाला मत देता तरी येईल का? वाचता येतं का? ती सगळ्यांसमोर सांगते, सही येते. आणि हे सगळं कशापायी? एका भेकडाला खुर्चीवरून उठता आलं नाही म्हणून!"

"पुराव्याशिवाय असं कुणाला..." थोरला पुढे झाला. "काका, बसा ना. मी बोलेन त्याच्याशी. माझ्या पद्धतीनं."

"तुझी पद्धत बघितली. एका मतानं पडली."

"तो नव्हता," आत्या म्हणाली.

ती खाली मान घालून फडक्याची गाठ मारत होती. तिचा आवाज इतका साधा होता की काकांना आधी ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"छापखानेवाला नव्हता. त्या पोराला बोल लावू नका."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे. बसा तुम्ही."

"हे बघ, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू चोरालाही चहा पाजशील. सोड मला," काका म्हणाले, आणि त्यांनी दाराची कडी काढली.

माणूस धीट झाला म्हणून खरं बोलतो असं नाही. पळायला जागा उरली नाही की बोलतो. थोरल्यानं आत्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, आणि ते त्याला सोसेना.

"मी होतो," तो म्हणाला.

"तू कुठं होतास?" काकांनी वळून विचारलं.

"नव्हतो. मोजणीच्या वेळी मी दालनात नव्हतो. बाहेर गेलो होतो. ते एक मत माझं."

धाकटी हसली. "दादा, काहीतरीच काय? त्याला वाचवायला एवढं?" मग तिचं हसू जागच्या जागी विरलं. कोटाच्या बाह्या ती उगीच खाली ओढत राहिली. "पण भाषण केलंस ना तू?"

"भाषण केलं."

"आणि?"

"आणि बाहेर गेलो. वॉर्डातले लोक येऊन गेले होते. मला वाटलं, सभेत पडलं तरी कोर्टात तू आहेस. तू मिळवशीलच." हे बोलताना आपण तिची स्तुती करतोय असं त्याला वाटलं, आणि ते किती घाणेरडं आहे तेही त्याच क्षणी कळलं.

"म्हणजे मी तुझ्यासाठी आणलेलं भाडोत्री माणूस," धाकटी म्हणाली. "तुला जे करायची लाज वाटली ते माझ्याकडून करवून घ्यायचं. आणि मी भर कोर्टात तुझं नाव घेतलं रे! अभिमानानं घेतलं. तू उभा राहिलास. तू मान लववलीस."

"हो."

"न्यायाधीशांसमोर मला खोटं बोलायला लावलंस."

"हो," तो म्हणाला.

वहिनी भिंतीला टेकली होती. "तरी मी म्हणत होते, त्या दिवसापासून झोपेत कूस का बदलता. मला म्हणालात, आत्यांची काळजी वाटते." ती उठली आणि कपबश्या गोळा करायला लागली, थोरल्याचा तेवढा तिथंच ठेवला.

काका दारातच उभे होते, एका पायात बूट, दुसऱ्यात नाही. मघापासून त्यांनी काय काय म्हटलं होतं ते त्यांना आठवत असावं. कुऱ्हाडीचा दांडा, आईचं दूध. आता ते सगळं याच घराच्या अंगणात येऊन पडलं होतं. ते परत येऊन बसले, पायातला बूट सावकाश काढून ठेवला, आणि दुसऱ्या पायात बूट नाहीच हे लक्षात न येऊन तिथंही हात नेला, तो नुसताच मोज्यावरून फिरला. ते एकदम म्हातारे दिसले.

धाकटी आत्याजवळ गेली. "तुला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी मी सभेत वर गॅलरीत होते," आत्या म्हणाली. "आम्ही पाचसहा जणी गेलो होतो ऐकायला. याचं भाषण झालं तेव्हा माझ्या शेजारणीनं माझा हात दाबला. मग सगळे उभे राहायला लागले, तेव्हा मी याची खुर्ची बघितली."

"मग मला का नाही सांगितलंस? मी अर्जात काय काय लिहिलं, कोर्टात काय काय बोलले..."

"कशी सांगू गं? मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. दर रविवारी येत होता. गटाराचं विचारायचा, औषधाचं विचारायचा. जाताना दारात थांबायचा, तेव्हा वाटायचं, आता बोलतो. आणि शेजारणीला तरी काय सांगू? मी तिला म्हटलं, त्याला फोन आला असेल, महत्त्वाचा." ती थांबली. "त्याचं मला वाईट वाटलं बघ. मत नाही मिळालं त्याचं एवढं नाही. मी त्या बाईशी खोटं बोलले."

थोरला तिच्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी मार खायच्या आधी बसायचा तसा. पण आत्यानं त्याला कधी मारलं नव्हतं, आजही मारणार नव्हती. तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तो मोकळा झाला असता. तेवढं सुख त्याला कोण देणार?

"आत्या, मी ठराव पुन्हा आणतो," तो म्हणाला. "पुढच्याच सभेत. स्वतः मांडतो. वॉर्ड गेला तर गेला. घरमालकांना आज संध्याकाळीच जाऊन सांगतो."

"तू मांडू नकोस," धाकटी म्हणाली. तिनं आता कोट काढून हातावर घेतला होता. "दंतवैद्य मांडेल, नाहीतर छापखानेवाला मांडेल. तुझं भाषण नको आम्हाला. तू नुसता उभा राहा."

"बरं."

"आणि छापखानेवाल्याला मी जाऊन सांगते, काय झालं ते. तू नाही."

"बरं," तो पुन्हा म्हणाला.

मोरीत वहिनी कप विसळत होती, फुटतील इतक्या जोरात आपटत. आत्यानं टाच जमिनीवर टेकवून बघितली, दुखली तशी पुन्हा उचलली.

"आत्या," थोरल्यानं विचारलं. विचारू नये हे त्याला कळत होतं, तरी राहवलं नाही. "या वेळी मी राहीन उभा. विश्वास आहे ना तुझा माझ्यावर?"

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. निकाल लागल्यापासून पहिल्यांदाच बघितलं. तिला खोटं बोलायचं असतं तर ती सहज बोलली असती, एकदा बोलून झालं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "पण मत तर तुझंच लागणार ना आम्हाला."